विरळणी

ईश्वरीला ‘माझे बाबा’ या विषयात पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि मला संशय आला.

एरवी आईला आनंद होतो. मलाही झाला, नाही असं नाही. पण हातात पेढा पडला तरी आधी वास घेऊन बघणारी बाई मी. धैर्यशील म्हणायचा, “स्वरूपा, तू चुकून शाळेत लागलीस. तुला पोलिसांत घ्यायला हवं होतं.” धैर्यशील म्हणजे माझा नवरा, ईश्वरीचा बाबा. तासगाव भागातल्या द्राक्षबागांवर ड्रोनने औषध फवारायचं त्याचं काम. डेंग्यूचं निमित्त झालं आणि चार दिवसांच्या तापात तो गेला. ईश्वरी तेव्हा चौथीत होती. आता ती सहावीत आहे, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. मी मराठी शिकवते.

तिची विचारवेल वर्गातल्या मोठ्या पडद्यावर लावली होती. मधोमध एक गोल, त्यात ‘माझे बाबा’. गोलातून निघालेल्या जाड हिरव्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना शब्द: कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय, माझे आदर्श. ‘शिस्तप्रिय’ला आणखी दोन फुटवे आले होते, ‘वेळेचे महत्त्व’ आणि ‘नीटनेटकेपणा’. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्याकडे बघत राहिले. ज्याला सकाळी उठवायला मला पाण्याचा तांब्या घेऊन डोक्याशी उभं राहावं लागायचं, ज्याचे मोजे सोफ्याच्या फटीत निघायचे, तो माणूस या वेलीवर कुठेच नव्हता.

निबंधात मुलं थापा मारतात, हे काही मला नवीन नाही. ‘माझी आई सुगरण आहे’ असं लिहिणाऱ्या पोराची आई रोज खानावळीतून भाजी आणते, हे आम्हाला ठाऊक असायचं. पण ते वाचून दाखवताना पोरगं गालातल्या गालात हसायचं. ईश्वरी हसली नव्हती.

संध्याकाळी जेवताना मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “काय गं, बाबा शिस्तप्रिय कधीपासून झाले?”

“होतेच की.”

“कशावरून?”

तिने घास हातातच धरून ठेवला. “ते वेळेवर उठायचे.”

“आणि ड्रोनला जिलबीचा पुडा बांधून आजीच्या गच्चीवर पाठवला होता, ते? पुडा मध्येच सुटला आणि पाटलांच्या म्हशीपुढे पडला, ते?”

ही ईश्वरीची सगळ्यात लाडकी गोष्ट. घरी येईल त्या पाहुण्याला ती ऐकवायची, वर जिलबी खाणाऱ्या म्हशीचं तोंड करून दाखवायची. आता ती माझ्याकडे बघत राहिली. न वाचलेल्या धड्यावर प्रश्न आला की मुलं बाईंकडे बघतात तशी, अदबीने.

“कसली जिलबी?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “काही नाही, जेव,” आणि तिच्या पानात उगाच भात वाढला.

विचारवेल आमच्या शाळेत आणली ती माझ्या दिराने, संग्रामभाऊजींनी. धैर्यशीलचा हा धाकटा भाऊ. वेल कशी चालवायची हे जिल्ह्यातल्या शाळांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. कल्पना तशी जुनीच. मधे विषय लिहायचा, भोवती मुद्दे मांडायचे आणि मुद्द्यामुद्द्यांना रेघांनी जोडायचं. कारण आणि परिणाम, साम्य आणि फरक, गोष्टीतल्या घटनांचा क्रम, सगळ्याच्या आकृत्या आम्ही खडूनेही काढत होतो. मुलाच्या डोक्यातला गुंता त्यामुळे त्याला डोळ्यांनी दिसतो आणि दिसला की निम्मा सुटतो. पुढे बाकाबाकावर काचेची पाटी आली आणि याच आकृत्या मुलं बोटाने काढू लागली. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

नवं होतं ते पाटीच्या कडेला बसवलेलं ठिपक्याएवढं भिंग. ते मुलाचे डोळे बघायचं. माणूस काही आठवायला लागला की त्याच्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते आणि नजर एका जागी ठरत नाही. वेलीला हे कळायचं. मुलाला शब्द सापडायच्या अगदी आधी ती एक कोवळी फांदी पुढे करायची, टोकाला शब्दासकट. मुलाला वाटायचं, आपल्यालाच सुचलं. ज्या फांदीला गुण मिळत ती जाड व्हायची आणि काही दिवसांनी, नेमकी विसरायच्या बेतात असताना, पुन्हा समोर यायची. जिला गुण नाहीत ती फिकी पडून गळून जायची. या गळण्याला भाऊजींनी आमच्या भागाला पटेल असं नाव दिलं होतं, विरळणी.

पालकसभेत त्यांनी पडद्यावर पर्याय दाखवले. विरळणी नको, बेताची हवी की कडक? दुसऱ्या गावातले पालक बिचकले असते. आमच्याकडे घरटी द्राक्षबाग. फुटेल तो फुटवा आणि लागेल तो मणी वेलीवर ठेवला तर माल बारका राहतो आणि व्यापारी ढुंकून बघत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी उभी राहून विचारलं, “छाटलेलं जातं कुठं?” तर सगळी सभा हसली. गावातले मोठे बागायतदार शहाजीराव म्हणाले, “बाई, बारकं मणी काढल्याबिगर घड फुगत न्हाई. तुमी मराठीच्या, तुमास्नी न्हाई कळायचं ते.” कडक विरळणीला भराभर हात वर झाले. त्या वर्षी शाळेचा निकाल जिल्ह्यात पहिला आला आणि माझं तोंड आपोआप बंद झालं.

जिलबीच्या त्या प्रश्नाने ते पुन्हा उघडलं. मन दोन्ही बाजूंनी बोलत होतं. पोर लहान, बाप जाऊन काळ लोटला, विसरायचीच, असंही वाटे. पण नुसतं विसरणं असतं तर जागा रिकामी राहिली असती. इथे बापाच्या जागी दुसराच एक वक्तशीर गृहस्थ येऊन बसला होता. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं हे बघायचं तर माझ्या हाताशी अख्खा वर्ग होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पाट्या दप्तरात ठेवायला लावल्या. म्हटलं, “आज नुसत्या गप्पा. बेदाण्याच्या शेडबद्दल कोण सांगतं?” बेदाण्याचं शेड हा विषय वेलीवर कधीच घेतलेला नव्हता.

वर्ग अंगावर धावून आल्यासारखा बोलू लागला. “बाई, गंधकाची धुरी दिली की डोळं लई झोंबत्यात!” “आमच्या शेडवर माकड आलतं बाई, त्यानं आत्याची भाकरी पळवली.” सार्थक नावाचा मुलगा म्हणाला, “रिकाम्या जाळीवर झोपलं की बाई, पाठीवर चौकटी चौकटी उमटत्यात. मी आणि दादा उठून एकमेकाची पाठ बघतो.” हसून हसून मुलांची पुरेवाट झाली.

मग मी म्हटलं, “छान. आता द्राक्षबागेबद्दल सांगा.” हा विषय पहिल्या सत्रात वेलीवर झाला होता.

हसू थांबलं. मुलं नीट सरळ बसली.

“द्राक्ष हे महत्त्वाचे नगदी पीक आहे.”

“द्राक्षांची निर्यात होते.”

“त्यामुळे देशाला परकीय चलन मिळते.”

मी सार्थकला उठवलं. त्याच्या घराचं मागचं दार उघडलं की पाऊल थेट बागेत पडतं. “सार्थक, तुझ्या बागेत काय काय असतं रे?”

तो विचार करत राहिला. खरंच करत होता, छताकडे बघत, कपाळाला आठ्या घालून. “ठिबक सिंचन,” तो म्हणाला आणि खाली बसला.

त्या क्षणी मला मुलांची भीती वाटली, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं असं नाही. शिकवताना त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून नेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

रविवारी मी भाऊजींना जेवायला बोलावलं. ईश्वरी मैत्रिणीकडे गेली होती. पहिली भाकरी वाढतानाच मी विषय काढला. आधी ते ताकास तूर लागू देईनात. मुलं वाढतात, लक्ष बदलतं, वहिनी तुम्ही फार विचार करता, असं चाललं होतं. मी सार्थकचं ठिबक सिंचन सांगितलं तेव्हा त्यांनी भाकरी खाली ठेवली.

“यात लपवण्यासारखं काही नाही, वहिनी. मानसशास्त्रात हे जुनं आहे.”

“मग सांगा की उघड.”

त्यांनी सांगितलं, आणि सांगायची हातोटी त्यांच्याकडे आहेच. माणसाला फळांची नावं आणि पक्ष्यांची नावं पाठ करायला द्यायची. मग त्यातली निम्मीच फळं त्याच्याकडून पुन्हापुन्हा घोकून घ्यायची. पक्ष्यांना हातच लावायचा नाही. नंतर विचारलं तर घोकलेली फळं त्याला फाडफाड येतात, पण न घोकलेली फळं पक्ष्यांपेक्षाही कमी आठवतात. कारण ‘फळ’ म्हटल्यावर आंबा शोधायचा तर मनाला शेजारच्या पेरूला गप्प करावं लागतं. प्रत्येक आठवण्याबरोबर शेजारचं थोडं थोडं दाबलं जातं. रोजच्या जगण्यात हे फारसं जाणवत नाही, कारण आपण आज आंबा आठवतो, उद्या पेरू. वेल मात्र ठरावीक फांद्याच पुढे करते, त्याही डोळ्यांत बघून, नेमक्या वेळी. त्यामुळे शेजारचं पार खोल जातं.

“आणि परीक्षेत त्याच ठरावीक फांद्या विचारतात,” मी म्हटलं, “म्हणून निकाल पहिला.”

“हो.”

“तुम्हाला हे माहीत होतं.”

“धड्यांपुरतं, वहिनी. पाठ्यपुस्तकाबाहेरचं थोडं विसरलं तर काय बिघडतं, असं वाटायचं. निबंधाचे विषय नंतर आले. बाबा, आई, आजोळ... तेव्हा माझ्या डोक्यात नाही आलं.” ते घाईने पुढे म्हणाले, “पण हे उलटं फिरवता येतं. तुम्ही दादाच्या आठवणी वेलीत भरा. जिलबी, म्हैस, सगळं. मी त्या फांद्यांना गुण लावतो. महिन्याभरात बघा, ईश्वरी घडाघडा सांगेल.”

खरं सांगते, मी हो म्हणणारच होते. हो माझ्या ओठांवर होतं. पण स्वभावाला औषध नसतं.

“आणि मी ज्या भरणार नाही त्या? बापलेकीच्या दोघांतल्या, मला ठाऊकच नसलेल्या?”

“त्या आणखी खाली जातील,” भाऊजी म्हणाले.

“म्हणजे तिला माझा नवरा आठवेल. तिचा बाप नाही.”

“दुसरा उपाय म्हणजे वेल बंद करायची आणि वाट बघायची. दबलेलं सहसा मरत नाही. पण ते विचारून येत नाही. वेगळ्याच वाटेने येतं, एखाद्या वासाने, वस्तूने. कधी येईल सांगता येत नाही. येईलच असंही नाही.”

मी त्यांना ताक दिलं. म्हटलं, “मी काही सांगितलं तर ते माझंच होणार. पण तुम्ही काका आहात. तुमच्या लहानपणचा दादा कसा होता, ते तरी तिला सांगत जा.”

“सांगतो की. दादा म्हणजे...” ते हसले आणि थांबले. “दादा म्हणजे खूप कष्टाळू. लहानपणापासून. आणि प्रेमळ.” त्यांनी ताकाचा घोट घेतला. पुन्हा तोंड उघडलं. त्यांचे डोळे सार्थकसारखे छताकडे गेले. “माझा आदर्श होता तो,” ते म्हणाले, आणि आपण काय म्हणालो हे त्यांच्याच कानांनी ऐकलं.

अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, “शाळाशाळांत वेल चालवून दाखवायला मी हाच विषय घ्यायचो, वहिनी. माझा भाऊ. दादा नुकताच गेलाय म्हटलं की शिक्षक लगेच गप्प होऊन बघायचे.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला नाही. मला रडू आलं, त्यांच्यासाठीच.

ते गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून स्वतःला तपासलं. कारण वर्गात नमुन्याची वेल मीच काढून दाखवते, घरच्या माणसांवरच्या विषयांचीही, सगळ्या तुकड्यांना, आणि शिक्षकांच्या पाटीलाही तेच भिंग असतं. तांब्या आठवला. मोजे आठवले. जिलबी, म्हैस, म्हशीच्या शिंगाला लटकलेली सुतळीसुद्धा आठवली. सगळं जागच्या जागी होतं. मला हायसं वाटलं आणि मी भांडी घासायला घेतली.

सोमवारी मुख्याध्यापिका निकम मॅडमकडे जाऊन ईश्वरीची वेल बंद करायला सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. “जमदाडे मॅडम, वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय. पहिल्या नंबरची मुलगी आहे तुमची. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय. आणि शिक्षकांनीच वेल काढली म्हटल्यावर बाकीचे पालक मला काय विचारतील?” मी त्यांना भाऊजींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि निकालाच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. बाकीच्या मुलांसाठी मी पालकांच्या दारोदार गेले, तर तिथेही चहा मिळाला आणि पहिला नंबर आलेल्या शाळेचं कौतुक. शेवटी वेल बंद करायच्या अर्जावर मला फक्त माझ्या मुलीपुरतीच सही करता आली.

घरी वेगळंच रण पेटलं. ईश्वरीने कोरी पाटी माझ्यापुढे आपटली. “तुला मी पहिली आलेली बघवत नाही.”

“असं नाही गं बाळा.”

“मग का? सांग ना, का?”

तू तुझ्या बापाला विसरलीस, हे अकरा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? मी म्हटलं, “तुझं तुला आठवावं म्हणून.”

“मला सगळं आठवतं!” ती ओरडली. “कुठलाही धडा विचार!”

ती घसरली, अगदी मधल्या बाकांपर्यंत. माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. मी फोनवर असले की दाराआड उभी राहून ऐकायची. मी निकम मॅडमशी बोलून तिचे गुण मुद्दाम कमी करते, असं तिने मैत्रिणीला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. मीही तिच्यावर पाळत ठेवून होते, मैत्रिणीच्या पाटीवर चोरून वेल चालवते का म्हणून. एका घरात दोन पोलीस, आणि चोर कुणीच नाही.

सगळ्यात अवघड होतं ते गप्प बसणं. पाटलांच्या गोठ्यावरून जाताना माझ्या जिभेवर जिलबी यायची आणि मी ती गिळायची. एकदा सांगितली असती तर ती हसली असती, पुन्हा सांगू लागली असती, अगदी म्हशीच्या तोंडासकट. पण ती माझी गोष्ट झाली असती. मला तिची हवी होती, आणि तिची तिच्याकडे उरली आहे की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. काही दिवस असे गेले की वाटलं, भाऊजींना फोन करावा आणि भरून टाकावं सगळं.

परीक्षा झाली. सुट्टी लागली. एका दुपारी मी बाह्या वर सारून भाकरीचं पीठ मळत होते. ईश्वरी पाणी प्यायला आत आली, माझ्याकडे न बघता माठातून पेला भरला, आणि वळताना थबकली. तिची नजर माझ्या कोपराखाली होती. तिथे एक जुना भाजल्याचा व्रण आहे, अर्धगोल.

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

“काय गं?” मी विचारलं.

“बाबांचा डोसा,” ती म्हणाली. “तू रुसून बसलीवतीस, आणि बाबा म्हणाले, बघ आता तुझी आई कशी हसते. डोसा हवेत उडवायला गेले आणि तवाच सुटला हातातून. तुझ्या हाताला लागला. मग तुझ्या हातावर बर्फ धरून बाबाच भोकाड पसरून रडत होते, आणि तू त्यांना गप्प करत होतीस. मी टेबलाखाली होते. मला भीती पण वाटत होती आणि हसू पण येत होतं.”

आला, तिचा बाप परत आला, आणि कुणी न भरवता आला. मी पिठाच्या हातांनी तिला जवळ ओढणार होते. मग मी व्रणाकडे बघितलं.

किती वर्षं तो तिथे होता. तो कशाने झाला, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी तो दिवस शोधू लागले. डोसा शोधला, बर्फ शोधला, मोठ्याने रडणारा धैर्यशील शोधला. काहीच नव्हतं. पोरगी मला बरं वाटावं म्हणून रचून तर सांगत नाही ना, असाही संशय येऊन गेला. पण शेजारी तवा होता. मी हात त्याच्या कडेशी नेला. व्रणाची गोलाई आणि तव्याची गोलाई तंतोतंत एक होती.

“आठवतं ना आई?”

“आठवतं की,” मी म्हटलं. “न आठवायला काय झालं.”

तिने डोळे बारीक केले. “मग सांग, तू कशाला रुसली होतीस?”

मी तोंड उघडलं. परातीतल्या पिठाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. काय सांगणार? ती माझा चेहरा वाचत उभी होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग, इतक्या दिवसांचा, उतरत गेला. तिने पेला ठेवला. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि माझा पिठाचा हात धरला.

“राहू दे आई. मी सांगते.”

मी गॅस बंद केला आणि माझ्याच नवऱ्याची गोष्ट पहिल्यांदा ऐकायला बसले.